चांदी, बुरशी आणि सोलापुरी टॉवेल

१९३९ च्या नोव्हेंबरात चीनच्या हपेई प्रांतातल्या एका खेड्यात डॉ. नॉर्मन बेथ्यून वारले. चिनी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी कॅनडाहून गेलेला हा नामांकित शल्यविशारद. एका जखमीवर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. हातात मोजे नव्हते. जखम चिघळली, जंतुदोष रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबरला त्यांचा प्राण गेला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालकपद १९४१ मध्ये ज्या तरुण डॉक्टरकडे आले, ते सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. या गावात कोटणीसांचे नाव निघाले की त्यांच्या त्यागाची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण त्यांनी ज्या परिस्थितीत सुरी चालवली, तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. त्यांच्या हाताशी पेनिसिलिन नव्हते. ते मुबलक मिळू लागले महायुद्धाच्या अखेरीस, आणि कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

बोटाला कापल्याने माणूस दगावतो, हे पुढच्या दोन पिढ्या विसरून गेल्या. प्रतिजैविकांनी ती निर्धास्ती दिली. आता ती राहिलेली नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट ओढवले, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस ही नावे रोजच्या परिचयाची आहेत. नवी प्रतिजैविके येण्याचा वेग मंद, जुनी निकामी होण्याचा वेग अधिक. म्हणून शास्त्रज्ञ जुन्या हत्यारांकडे पुन्हा वळले आहेत. त्यांतले सर्वांत जुने हत्यार म्हणजे चांदी. तिचा अगदी बारीक कण घडवण्यासाठी त्यांनी जो कारागीर निवडला तो तर कुणाच्या ध्यानीमनीही नसावा असा: बुरशी. या कारागिराची ओळख जगाला करून देण्यात महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांचा वाटा फार मोठा आहे, आणि सोलापूरने त्याकडे खास लक्ष द्यावे याला कारणे आहेत.

चांदी जंतूंना मारते, हे घराघरांत ठाऊक होते. पाण्याच्या भांड्यात चांदीचे नाणे टाकणारी घरे आपल्याकडे होती. पण वैद्यकात तिला खरी जागा मिळाली ती १८८१ मध्ये. जर्मनीतल्या लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आईकडून लागणाऱ्या परम्याच्या जंतूंनी बाळे आंधळी होत, ते प्रमाण या एका थेंबाने कमालीचे उतरले. पुढे १९६० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेटच्या अर्ध्या टक्क्याच्या पट्ट्या आल्या. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणले. तो पांढरा मलम आजही आपल्या औषधांच्या दुकानांत मिळतो. भाजलेल्या माणसाच्या घरी त्याची नळी हमखास सापडते.

मग नॅनोकणांची गरज कशाला पडली? याचे उत्तर पृष्ठभागात आहे. चांदी जंतूंना मारते ती तिच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांच्या जोरावर, आणि आतली चांदी नुसती बसून असते. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याच्या सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ भरते जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर. त्याच तोळ्याचे १० नॅनोमीटर व्यासाचे गोळे केले, तर त्या सर्वांचे क्षेत्रफळ होते सुमारे ६६७ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा गुंठे. धातू तेवढाच, पण कामाला लागलेला भाग दहा लाख पटींनी वाढला. १० नॅनोमीटरच्या अशा एका गोळ्यात चांदीचे अणू असतात तीसेक हजार. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि बहुतेक जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटर लांबीचे. एका जिवाणूच्या अंगावर असे शेकडो कण सहज चिकटू शकतात.

चिकटल्यावर काय होते, याचा बराच उलगडा झालेला आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे कणाचा पृष्ठभाग गंजतो आणि चांदीचे आयन सुटतात. हे आयन गंधकावर फार लोभावतात. जिवाणूच्या श्वसनाची विकरे, म्हणजे एन्झाइम, जिथे गंधकाच्या आधाराने काम करतात तिथेच ते जाऊन बसतात. श्वसन थांबते, पटल फुटू लागते, आतले पोटॅशियम बाहेर गळते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. ऑक्सिजन पूर्ण वगळून त्यांनी चांदीचे नॅनोकण जिवाणूंवर सोडले, आणि जिवाणूंना काहीही झाले नाही. आयन सुटलेच नाहीत, मग मारणार कोण? म्हणजे कण हा खरे तर आयनांचे कोठार. तो जिवाणूच्या दारात जाऊन बसतो आणि माल हळूहळू सोडतो. नुसते सिल्व्हर नायट्रेट जखमेवर ओतले तर त्यातले बरेचसे आयन जखमेतल्या क्लोराइडशी आणि प्रथिनांशी बांधले जाऊन वाया जातात. कण टिकून राहतो.

असे कण रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून जास्त काळ करत आले आहेत. १८८९ मध्येच अमेरिकेच्या केअरी ली यांनी सायट्रेटच्या साहाय्याने चांदीचे कलिल, म्हणजे कोलॉइड, बनवले होते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडसारखा तीव्र क्षपणक घातला की आयनांना इलेक्ट्रॉन मिळतात, चांदीचे अणू तयार होतात आणि एकत्र येऊन कण बनतात. अडचण पुढे येते. हे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ पाहतात. त्यांना वेगळे ठेवायला अंगावर काहीतरी लेप लागतो, आणि तो लेप जखमेवर लावण्याजोगा असेलच असे नाही.

सूक्ष्मजीव चांदीला हात घालतात, याची चाहूल लागली ती खाणीत. अमेरिकेतल्या एका चांदीच्या खाणीतून स्यूडोमोनास स्टुट्झेरी या जिवाणूचा एजी २५९ हा वाण वेगळा करण्यात आला होता. ज्या चांदीने बाकीचे जिवाणू मरतात तिच्यातच हा वाढत होता. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये त्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो प्रसिद्ध केले. जिवाणूच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या फटीत चांदीचे स्फटिक साचलेले होते. त्रिकोणी, षट्कोनी, काही तर २०० नॅनोमीटरपर्यंतचे. विष आत येऊ लागले की त्याचा घन धातू करून एका कोपऱ्यात रचून ठेवायचा, हा त्या जिवाणूचा जगण्याचा मार्ग.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि अब्सार अहमद यांच्या गटाने या विचाराला वेगळे वळण दिले. शास्त्री हे पदार्थविज्ञानाचे, अहमद हे बुरशीचे अभ्यासक. दोघांच्या विषयांत एरवी दोन इमारतींचे अंतर असते; इथे ते मिटले. त्यांनी जिवाणू सोडून बुरशी धरली. बुरशी भरपूर वाढते, गाळायला सोपी, आणि विकरे बाहेर सोडण्यात तिचा हात धरणारे फार थोडे. २००१ मध्ये ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात त्यांचा व्हर्टिसिलियम या बुरशीवरचा निबंध आला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवलेल्या बुरशीने चांदीचे आयन ओढून घेतले आणि आपल्या पेशीभित्तीच्या आतल्या बाजूला सरासरी २५ नॅनोमीटरचे कण घडवले. त्यानंतरही तिच्या पेशी जिवंत होत्या आणि वाढत होत्या.

पण कण पेशीच्या आत अडकले तर काढायचे कसे? पेशी फोडाव्या लागतात, मग कचरा वेगळा करावा लागतो. या गटाचे दुसरे पाऊल म्हणूनच अधिक मोलाचे ठरले. २००३ मध्ये त्यांनी दाखवले, की फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीचे कण पेशीबाहेर, द्रावणातच घडवते. आकार ५ ते १५ नॅनोमीटर, आणि बुरशीनेच सोडलेली प्रथिने त्यांच्या अंगाभोवती बसून त्यांना वेगळे ठेवतात. ज्या लेपासाठी रसायनशास्त्रज्ञांना खटपट करावी लागते, तो इथे आयता मिळतो. कामाची सूत्रे एनएडीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूवर चालणाऱ्या क्षपणक विकराकडे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या बुरशीचे नाव शेतकऱ्याला शास्त्रीय भाषेत ठाऊक नसेल, पण तिचा प्रताप त्याने पाहिलेला आहे. हरभऱ्याचे उभे झाड पिवळे पडून वाळते, उपटून खोड उभे चिरले तर आत काळपट रेघ दिसते. त्या मर रोगाला कारण असते याच फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचा एक उपप्रकार. सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीला हरभरा घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

हा प्रयोग दिसायला किती साधा आहे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. शंकुपात्रात माल्ट, ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि पेप्टोन घातलेल्या पोषक द्रावणात बुरशी तीन-चार दिवस हलत्या तबकावर वाढवतात. कापसासारखे पांढरे गोळे तयार होतात. ते गाळून, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, कारण पोषक द्रावणाचा अंशही राहिला तर चांदीचे क्षपण बुरशीने केले की ग्लुकोजने, हे सांगता येत नाही. मग १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम ओली बुरशी आणि त्यात एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट. एक मिलिमोलर म्हणजे लिटरला १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, त्यातली चांदी १०८ मिलिग्रॅम. पात्र अंधारात ठेवायचे. शेजारी दोन पात्रे तुलनेसाठी: एकात नुसती बुरशी, एकात नुसते सिल्व्हर नायट्रेट. काही तासांनी पहिले पात्र पिवळसर होऊ लागते, दोन-तीन दिवसांत गडद तपकिरी. शेजारची दोन्ही पात्रे जशीच्या तशी राहतात.

चांदी म्हटले की डोळ्यांपुढे पांढरी चकाकी येते, मग हा तपकिरी रंग कुठला? इतक्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम मागेपुढे डोलू लागतात आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश डोळ्याला पिवळा-तपकिरी दिसतो. महाविद्यालयात असलेल्या साध्या वर्णपटमापकावर तो शोषणाचा उंचवटा मोजता येतो. कणाचा खरा आकार पाहायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

त्याच २००३ मध्ये पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेच्या किशोर पाकणीकरांचा गट आणि पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील सुलभा कुलकर्णी यांनी मिळून चांदी सहन करणाऱ्या एमकेवाय-३ या यीस्टकडून २ ते ५ नॅनोमीटरचे कण पेशीबाहेर करवून घेतले. या कामाच्या पहिल्या लेखिका मीनल कौशिक. गोठवलेले द्रावण टप्प्याटप्प्याने वितळवून कण वेगळे करण्याची त्यांची युक्ती आजही वाचनीय आहे. एका शहरात, एका वर्षी, दोन संस्थांमधून निघालेले हे निबंध पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी आधाराला घेतले. मराठी वाचकांपर्यंत मात्र ही गोष्ट फारशी पोचली नाही, याची खंत वाटते.

अमरावतीने पुढचे काम हाती घेतले. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीने घडवलेले कण थेट रोगजंतूंवर तपासायला सुरुवात केली. रोगट आल्यातून काढलेल्या फ्युजेरियम ॲक्युमिनेटमच्या कणांची परीक्षा त्यांनी २००८ मध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस, एपिडर्मिडिस, विषमज्वराचा साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्यावर घेतली. पाठोपाठ २००९ मध्ये बुरशीनाशक फ्लुकोनॅझोलबरोबर बुरशीने घडवलेले कण दिले तर औषधाचा जोर वाढतो, हेही दाखवले. राय, अल्का यादव आणि अनिकेत गडे यांचा त्याच वर्षीचा चांदीच्या नॅनोकणांवरचा समग्र आढावा या विषयात जगात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी एक आहे. पुणे विद्यापीठात बाळू चोपडे यांच्या गटाने २०१३ मध्ये ॲसिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकस या जिवाणूकडून ८ ते १२ नॅनोमीटरचे कण करवले आणि प्रतिजैविकांच्या जोडीने ते अधिक प्रभावी ठरतात असे नोंदवले. ॲसिनेटोबॅक्टर हे नाव आधी आलेच आहे: याच कुळातला एक जिवाणू अतिदक्षता विभागांची डोकेदुखी होऊन बसलेला.

इतके निबंध झाले, मग औषध कुठे आहे? हा प्रश्न सभेत कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे.

औषधाच्या सर्वांत जवळ पोचलेले काम आघारकर संस्थेचेच. २००९ मध्ये तिथल्या संशोधकांनी ७ ते २० नॅनोमीटरच्या, जैविक पदार्थांनी स्थिर केलेल्या चांदीच्या कणांचे एक जेल जखमांसाठी तयार करून त्याची तपासणी प्रसिद्ध केली. या तपासणीतली एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाबरोबर चांदीचा जोर वाढला. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनबरोबर नुसती बेरीज झाली. पण क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर दोघांनी एकमेकांचे काम बिघडवले. चांदी कुठल्याही औषधात मिसळली की गुणच येतो, असे मुळीच नाही. ‘सिनर्जी’ हा शब्द सढळ हाताने वापरणाऱ्यांनी हा तक्ता समोर ठेवावा.

बुरशीच्या मार्गाने केलेली चांदी कारखान्यात का उतरली नाही, याची कारणे रोखठोक आहेत. रसायनाने मिनिटांत होणारे काम बुरशीला दिवस लावते. एका खेपेला १० नॅनोमीटर, दुसऱ्या खेपेला ३०, असा आकार हलतो, कारण जिवंत पेशी रोज तीच प्रथिने त्याच प्रमाणात सोडत नाही. कणांभोवतीची प्रथिने कण टिकवतात हे खरे, पण माणसाच्या जखमेवर परकी प्रथिने लावायची तर त्यांची वेगळी तपासणी हवी. शिवाय फ्युजेरियम ही काही निरुपद्रवी बुरशी नव्हे. शेतात काम करताना डोळ्याला काडी लागली की ती बुबुळावर वाढते आणि दृष्टी घेते. हरित, पर्यावरणस्नेही, ही विशेषणे या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात पहिल्याच ओळीत असतात. ती थोडी जपून वापरावीत, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे. सिल्व्हर नायट्रेट चांदीवर नायट्रिक आम्ल ओतूनच होते, आणि निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह विजेवर चालतो.

आणखी एक दोष आपल्या महाविद्यालयीन संशोधनाचा. पेट्रीबशीत जंतू पसरायचे, मधे छिद्रात कणांचे द्रावण घालायचे आणि भोवती किती मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ उमटले ते मोजायचे. वर्तुळ दिसले की निबंध तयार. पण त्या द्रावणात न बदललेले चांदीचे आयनही शिल्लक असतात. वर्तुळ त्यांनी पाडले की कणांनी? कण बशीतल्या आगरमधून मुळात पसरतातच किती? हे न तपासता दिलेला मिलिमीटरचा आकडा कशाचाच पुरावा होत नाही.

आता सोलापूरकडे येऊ. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गाव सुतावर जगत आले आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघणारा टॉवेल देशोदेशींच्या हॉटेलांत आणि इस्पितळांत जातो. टेरी टॉवेलची वीण ही जंतूंच्या सोयीची: हजारो सुती वेटोळी, पाणी धरून ठेवणारी, आणि ओल टिकली की जंतू वाढणारच. म्हणून जंतुरोधक फिनिशिंगला बाजारात मागणी आहे, आणि चांदीचा लेप हा त्यातला एक ठळक प्रकार. एखाद्या कारखानदाराला वाटावे, की पुण्यात शोध लागला आहे, इथे कापड आहे, मग उशीर कशाला?

हा प्रयोग झालेला आहे, ब्राझीलमध्ये. कांपिनास विद्यापीठाच्या नेल्सन डुरान यांच्या गटाने फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमकडून करवलेले चांदीचे कण सुती कापडावर बसवले. स्टॅफिलोकोकस ऑरियसविरुद्ध ते कापड परिणामकारक ठरले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा दुसरा भाग सोलापूरने वाचायला हवा. कापड धुतले की चांदी सुटते, हे त्यांनी गृहीत धरले आणि धुण्याच्या पाण्यातली चांदी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूच्या साहाय्याने काढून घेण्याचा उपायही सोबत दिला. कापड आणि त्याचे सांडपाणी एकाच निबंधात! वस्त्रोद्योगातल्या संशोधनात हे फार दुर्मीळ आहे.

सांडपाण्याची ही काळजी अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात बाजारातले चांदीयुक्त पायमोजे साध्या पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. काहींतून अगदी थोडी निघाली. कण कसा बसवला आहे यावर सारे अवलंबून. जिथे चांदी निघून गेली तिथे ग्राहकाने पैसे जंतुरोधक कापडाचे मोजले आणि वापरले साधे कापड. चांदी गेली गटारात. तिथे ती गंधकाशी बांधली जाऊन बरीचशी गाळात बसते, पण सांडपाणी शुद्धीकरणाचे काम जे जिवाणू करतात त्यांतले अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू चांदीला फार हळवे असतात. सीना-भीमेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

यापेक्षा मोठा धोका प्रतिकाराचा. चांदीला जंतू सरावत नाहीत, असे जाहिरातीत छापतात. ते खोटे आहे. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला पसरला. तीन रुग्ण दगावले, कक्ष बंद करावा लागला. १९९९ मध्ये त्या जिवाणूतील प्लाझ्मिडवरची, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनएवरची, ‘सिल’ जनुके शास्त्रज्ञांनी वाचली. आयन पकडून ठेवणारे एक प्रथिन आणि त्यांना बाहेर फेकणारे पंप, अशी ती रचना आहे. त्याच प्लाझ्मिडवर पारा आणि अनेक प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिकारही बसलेला. म्हणजे टॉवेलातल्या चांदीच्या क्षीण मात्रेत जो जंतू तगेल, तो उद्या जखमेवरच्या मलमाला आणि सोबत प्रतिजैविकालाही तोंड देऊन उभा राहू शकतो.

डाळिंबाच्या बागेत सोलापूर जिल्ह्याने याचा धडा एकदा घेतलेला आहे. तेल्या रोग झँथोमोनास जिवाणूमुळे येतो, आणि त्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची फवारणी होत आली. माणसाच्या क्षयरोगावरचे औषध झाडावर उडवायचे, हा मार्ग धोक्याचा होता. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीत या दोन्ही प्रतिजैविकांच्या वापरावर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तेल्यावर पर्याय शोधायलाच हवा. नॅनो स्वरूपातल्या तांब्याचे प्रयोग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झाले आहेत, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर सोलापुरातच आहे. पण एक औषध उधळून झाले म्हणून दुसरे उधळायला घेऊ नये. एकरावर चांदी फवारण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर शेतकऱ्याने त्याच्याकडे आधी बागेतल्या चाचण्यांचे निकाल मागावेत.

पिण्यासाठी म्हणून बाटलीत विकल्या जाणाऱ्या चांदीच्या पाण्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. ते पिऊन रोग बरे होतात याला आधार नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचा कायमची निळसर-करडी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी उत्पादने सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असे जाहीर केले.

चांदीची योग्य जागा जखमेवर आहे: भाजलेल्या कातडीवर, मधुमेहींच्या पायाच्या चिघळलेल्या व्रणावर, रक्तवाहिनीत घातलेल्या नळीच्या तोंडाशी. तिथे मात्रा मोजलेली असते, वेळ ठरलेली असते आणि समोर डॉक्टर असतो. इस्पितळात जखमेवर बांधायचे कापड आणि घरात अंग पुसायचा टॉवेल यांत भेद केला, तर सोलापूरच्या मागांना पहिल्यात खरे काम आहे. सुती जखमपट्टीवर सूक्ष्मजीवनिर्मित चांदी पक्की कशी बसवावी, वीस धुण्यांनंतर नव्हे तर चोवीस तासांच्या जखमेच्या स्रावात ती किती सुटते, हा प्रश्न इथल्या विणकराला, इथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना एका टेबलाशी बसवू शकतो. तिघेही एकाच शहरात आहेत. दुसऱ्या कुठल्या शहराकडे हा योग असेलच असे नाही.

त्यासाठी लागणारे साहित्य दूर नाही. एनसीएलमधल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून, एनसीआयएममधून, ओळख पटलेले वाण महाविद्यालयांना मागवता येतात. रानातली अनोळखी बुरशी उचलून धोका पत्करण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी वर्तुळाचे मिलिमीटर मोजून थांबू नये. जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढावी, तुलनेला नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि नुसता बुरशीचा अर्क ठेवावा, आणि पाचव्या खेपेचे कण पहिल्या खेपेसारखे आले की नाही ते प्रामाणिकपणे लिहावे. कारखानदारांनी ‘चांदीयुक्त’ म्हणून रसायन विकायला येणाऱ्याकडून तीन आकडे लेखी मागावेत: कापडाच्या किलोमागे चांदी किती, वीस धुण्यांनंतर उरते किती, आणि सांडपाण्यात जाते किती. हे आकडे जो देणार नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये.